सागरतळाखालील सूक्ष्मजीवांचा महासागरातील प्रसार

सागरतळावर साचलेल्या गाळात आणि त्याखालच्या अग्निज खडकात राहणारे सूक्ष्मजीव काही नैसर्गिक प्रक्रियांमुळे आपली जागा सोडून सागरजलात येतात, प्रवाहांबरोबर दूरवर जातात व पुन्हा कोठेतरी तळाशी बसतात. या स्थलांतराचा विचार सूक्ष्मजीवविज्ञान, भूविज्ञान व महासागरविज्ञान या तिन्ही शास्त्रांत केला जातो. ‘सूक्ष्मजीव’ या शब्दाने येथे मुख्यतः सूक्ष्मजंतू आणि आर्किया (दिसण्यात सूक्ष्मजंतूंसारखे, परंतु वंशपरंपरेने त्यांहून वेगळे असलेले एककोशिक जीव) अभिप्रेत आहेत. काही कवकांचाही त्यांत समावेश होतो.

जगातील सर्व महासागरांच्या तळाखालील गाळात मिळून सूक्ष्मजीवांच्या किती कोशिका (पेशी) असाव्यात, याचा २०१२ मध्ये केलेला एक अंदाज २९ या अंकापुढे २८ शून्ये इतका आहे. महासागरांच्या सर्व पाण्यात मिळून जेवढ्या कोशिका आहेत, त्यांच्याशी तुलना करता येईल एवढी ही संख्या आहे. पाण्यातील सूक्ष्मजीव गाळाच्या कणांबरोबर खाली बसतात आणि वरून नवा गाळ पडत गेल्याने पुरले जातात, ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत होती. पुरले गेलेले जीव परत वर येत नसावेत, असे मात्र कोणी तपासून न पाहताच गृहीत धरले गेले होते. हे गृहीत गेल्या काही दशकांत सोडून द्यावे लागले.

इतिहास : अमेरिकन सूक्ष्मजीववैज्ञानिक रिचर्ड मोरिटा व क्लॉड झोबेल यांनी पॅसिफिक महासागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांचे परीक्षण करून १९५५ मध्ये असे मत मांडले की, तळाखाली सु. ७·५ मी. खोलीवर सजीवांची सीमा संपते. त्या काळी सूक्ष्मजंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविणे हाच त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा मानला जाई आणि खोल गाळातील सूक्ष्मजंतू अशा संवर्धनास सहसा दाद देत नाहीत. पुढे खोल समुद्रात वेधन करणारी जहाजे उपलब्ध झाली आणि कोशिका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली थेट मोजण्याची पद्धती रूढ झाली. १९९४ मध्ये जॉन पार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिकमध्ये तळाखाली ५०० मी.हून अधिक खोलीपर्यंत सूक्ष्मजंतू असल्याचे दाखविले. जपानच्या शिमोकिता द्वीपकल्पाजवळ २०१२ मध्ये ‘चिक्यू’ या जहाजाने केलेल्या वेधनात ही खोली सु. २,४६६ मी.पर्यंत गेली, तेथे कोळशाच्या प्राचीन थरांत अत्यंत विरळ, पण निश्चित अशी सजीवसृष्टी आढळली. नानकाई गर्तेजवळ २०१६ मध्ये केलेल्या वेधनात तळाखाली सु. १,१८० मी. खोलीवर तापमान १२०° से.पर्यंत पोहोचले होते. तेथील निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले व एवढ्या तापमानातही काही सूक्ष्मजीव तग धरून असल्याचे दिसून आले.

या संशोधनात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा (स्थापना १९६६) वाटा लक्षणीय आहे. चंद्रलता रघुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी महासागरातील छागोस गर्तेत सु. ५,९०० मी. पाण्याखालून काढलेल्या गाळाच्या गाभ्यातून (दंडगोल नमुन्यातून) ॲस्परजिलस सिडोवाय या कवकाचे जिवंत संवर्ध मिळविले व ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध केले. गाभ्यात ही कवके ३७० सेंमी. खोलीपर्यंत आढळली. ज्या थरांतून ती मिळाली त्यांचे वय सु. १·८ ते ४·३ लक्ष वर्षे ठरविण्यात आले. हे कवक मूळचे खोल समुद्रातील नव्हे. जमिनीवर व किनारी पाण्यातही ते सर्रास आढळते. त्यामुळे त्याचे बीजाणू वरून खाली गेले, पुरले गेले आणि इतक्या दीर्घ काळानंतरही रुजण्याची क्षमता टिकवून राहिले, असा त्याचा अर्थ लावतात.

अशा निष्कर्षांकडे पाहताना एक सावधगिरी आवश्यक असते. वरच्या थरांतील एक मिलिलीटर सागरजलात सूक्ष्मजीवांच्या लक्षावधी कोशिका असतात. उलट खोल गाळाच्या एक घन सेंमी.मध्ये त्या कधीकधी दहापेक्षाही कमी असतात. वेधनासाठी समुद्राचेच पाणी पंपाने खाली सोडलेले असते. त्याचा एक थेंब नमुन्यात शिरला तरी सारी गणना व्यर्थ ठरते. म्हणून वेधनद्रवात सहज ओळखता येईल असे एखादे रासायनिक द्रव्य मिसळतात आणि गाभ्याच्या ज्या भागात ते आढळेल तो भाग टाकून देतात. जुन्या लेखनातील काही चमत्कारिक दावे या कसोटीवर टिकलेले नाहीत.

जीवनपद्धती : तळाच्या गाळातील ऑक्सिजन किनाऱ्यालगत काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर खोलीतच संपतो. त्याखाली सल्फेटाचे क्षपण करून त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनविणारे सूक्ष्मजंतू, आणि सल्फेटही संपल्यावर मिथेन निर्माण करणारे आर्किया असा क्रम लागतो. खालून वर येणारा मिथेन आणि वरून खाली जाणारे सल्फेट जेथे भेटतात, तेथे सूक्ष्मजीवांचा एक वेगळाच संघ मिथेनाचे ऑक्सिडीकरण करून त्यावर जगतो. गाळात तयार होणाऱ्या मिथेनाचा फार मोठा भाग या पट्ट्यातच खर्ची पडतो व पाण्यापर्यंत पोहोचत नाही. त्याहून खोलवर अन्नाचा पुरवठा इतका तुटपुंजा असतो की, एका कोशिकेपासून दोन होण्यास शेकडो ते हजारो वर्षे लागत असावीत. सजीव असणे व नसणे यांमधील रेषा तेथे पुसट होते. खंडांखालच्या खडकांतही अशी सृष्टी असते. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल विवरांतील नमुन्यांत दख्खनच्या बेसाल्टात व त्याखालच्या ग्रॅनाइटी खडकातही सूक्ष्मजीवांचे अंश मिळाले आहेत. मात्र खडकाच्या आत कोंडलेल्या या जीवांना समुद्राचा मार्ग सहसा मोकळा नसतो.

गोदावरी व बंगालचा उपसागर : नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गाव दख्खनच्या पठारावर, गोदावरीच्या खोऱ्यात आहे. अरबी समुद्र येथून पश्चिमेस सरळ रेषेत २०० किमी.च्या आत असला, तरी या भागातील पावसाचे पाणी व त्याबरोबर जाणारी काळी माती ही सह्याद्रीच्या उतारामुळे पूर्वेकडे वळते. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून १,४६५ किमी. वाहत जाणारी गोदावरी ती बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. एखाद्या विशिष्ट शेतातील मातीचा कण समुद्रात ओळखता येत नाही, पण दख्खनच्या बेसाल्टापासून झालेला गाळ मात्र ओळखता येतो. बेसाल्टातील निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे (अणुक्रमांक तोच, पण अणुभार वेगळा असलेल्या प्रकारांचे) प्रमाण पूर्व घाटातील जुन्या खडकांहून निराळे असते. आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यासमोर सु. १,२७० मी. पाण्याखालून २००६ मध्ये काढलेल्या एका गाभ्याच्या अभ्यासावरून असे दिसते की, गेल्या तीन-चार हजार वर्षांत या गाळातील दख्खनचा वाटा वाढत गेला. हवामान कोरडे होत जाणे व पठारावर शेतीचा विस्तार होणे, ही त्याची कारणे मानण्यात येतात. आता नांदूर मधमेश्वर, जायकवाडी यांसारख्या बंधाऱ्यांमुळे व धरणांमुळे बराच गाळ वाटेतच अडतो.

नद्यांच्या मुखासमोर गाळ जलद साचतो व त्याबरोबर वनस्पतींचे अवशेषही पुरले जातात. त्यांवर वर उल्लेखिलेल्या सूक्ष्मजीवांची उपजीविका चालते व मिथेन तयार होतो. थंड पाणी व मोठा दाब यांमुळे हा मिथेन पाण्याच्या रेणूंच्या जाळीत अडकून बर्फासारखा घन पदार्थ बनतो, त्यास मिथेन हायड्रेट म्हणतात. भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेत (२००६) ‘जॉइडस रिझोल्यूशन’ हे जहाज मुंबईहून निघाले. पहिले वेधन केरळ-कोकण खोऱ्यात झाले. तेथे हायड्रेट मिळाले नाही. नंतर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात एका जागी मात्र भेगाळलेल्या चिकणमातीत सु. १२८ मी. जाडीचा हायड्रेटयुक्त थर आढळला. तेथील मिथेन खोलवरच्या उष्णतेने बनलेला नसून मुख्यतः सूक्ष्मजीवजन्य आहे, हे कार्बनाच्या समस्थानिकांवरून ठरले आहे. पठारावरील नदीखोऱ्याचा आणि सागरतळाखालील सूक्ष्मजीवांचा संबंध असा अन्नदाता व उपभोक्ता यांचा आहे.

शीत झिरपे : भेगांतून व विभंगांतून (प्रस्तरभंगांतून) मिथेनयुक्त पाणी अथवा वायूचे बुडबुडे सागरतळावर बाहेर पडतात, अशा जागांना शीत झिरपे म्हणतात. भोवतालच्या पाण्याहून ते थंड असतात असे नाही. उष्णजलीय झऱ्यांपासून वेगळे ओळखण्यासाठी हे नाव पडले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात असे झिरपे पूर्वी होऊन गेल्याच्या खुणा आधीच मिळाल्या होत्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वैज्ञानिकांना २०१८ मध्ये ‘सिंधु साधना’ या जहाजावरील सफरीत तेथे ९०० ते १,८०० मी. खोलीवर चालू स्थितीतील झिरपे आढळले. ध्वनितरंगांच्या साहाय्याने घेतलेल्या प्रतिमांत पाण्यात वर चढणारे वायूचे झोत दिसले व एका जागी तळाखाली अवघ्या २–३ मी.वर हायड्रेट मिळाले. शरीरात रसायनसंश्लेषी सूक्ष्मजंतू बाळगून त्यांच्यावर जगणारे शिंपले व नलिकाकृमीही तेथे होते. भारताच्या सागरी अनन्य आर्थिक क्षेत्रातील अशा चालू झिरप्यांची ही पहिलीच नोंद होय.

पश्चिम किनाऱ्यासमोरही वायूने भरलेला गाळ अनेक ठिकाणी आहे, तसेच वायू निसटून गेल्यावर तळावर राहिलेले वाटोळे खळगे खंडान्त उतारावर दिसून आले आहेत. मात्र सर्वच खळगे आज सक्रिय आहेत, असे मानण्याचे कारण नाही.

झिरप्यांतून वर येणारा द्रव गाळाच्या कणांमधील पोकळ्यांतून जाताना तेथील सूक्ष्मजीवांना आपल्याबरोबर ओढून आणतो. बुडबुड्यांच्या बाह्य पृष्ठभागावरही कोशिका चिकटतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील एका झिरप्यावर केलेल्या प्रयोगांत मिथेनभक्षक सूक्ष्मजंतू अशा रीतीने तळाकडून पाण्यात नेले जात असल्याचे आढळले. वर जाणाऱ्या बुडबुड्यातील मिथेन पाण्यात विरघळत जातो आणि तो खाणारे सूक्ष्मजंतूही त्याच वाहनातून तेथे पोहोचतात, ही व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे.

बीजाणू व त्यांचे चक्र : काही सूक्ष्मजंतू प्रतिकूल परिस्थितीत आपल्या आनुवंशिक द्रव्याभोवती जाड, निर्जल अशी आवरणे निर्माण करतात, त्यांस अंतर्बीजाणू म्हणतात. अन्न, पाणी, उष्णता यांवाचून ते दीर्घकाळ राहू शकतात. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील स्वालबार बेटांलगतचा समुद्रतळ वर्षभर गोठणबिंदूच्या आसपास असतो. तेथील गाळ प्रयोगशाळेत ५०° से.पर्यंत तापविला असता त्यातून उष्णताप्रिय सूक्ष्मजंतू रुजून वाढू लागले. तळाच्या दर चौरस मीटरवर असे सु. १० कोटी बीजाणू दरवर्षी येऊन पडत असावेत, असा निष्कर्ष केसी ह्युबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काढला. जे जीव तेथे कधीच वाढू शकणार नाहीत ते तेथे अखंड येत राहतात, तेव्हा त्यांचे मूळ अन्यत्र असले पाहिजे. त्यांचे जवळचे नातलग खनिज तेलाच्या तप्त साठ्यांत व सागरी कवचाच्या उष्ण भागात सापडतात. पुढे कॅनडातील नोव्हास्कोशियासमोरील अटलांटिकच्या तळाचे विस्तृत सर्वेक्षण झाले. खनिज तेल व वायू झिरपत असलेल्या जागी असे बीजाणू अधिक असल्याचे त्यात दिसले. त्यावरून २०२२ मध्ये पूर्ण चक्राची कल्पना मांडण्यात आली : तळावर पडलेला बीजाणू गाळाखाली पुरला जातो, खोलीबरोबर तापमान वाढत जाते व योग्य तापमान येताच तो रुजतो, त्याची संतती वर चढणाऱ्या द्रवांबरोबर तळावर येते, थंड पाण्यात ती पुन्हा बीजाणुरूपाने राहते, प्रवाहांबरोबर पसरते व पुन्हा पुरली जाते.

हे चक्र पुरे होण्यास लागणारा काळ विचारात घेता बीजाणू खरोखर तेवढे टिकतील का, असा प्रश्न उपस्थित होतो. येथे लासलगावचाच एक दाखला उपयोगी पडतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले कृषी उत्पादन संरक्षण केंद्र लासलगावाजवळ २००२ मध्ये सुरू झाले. कोबाल्ट–६० या किरणोत्सर्गी समस्थानिकापासून निघणाऱ्या गॅमा किरणांचा सु. ६० ते ९० ग्रे (शोषित प्रारणाचे एकक) इतका मारा केल्यास कांद्याला साठवणीत मोड येत नाहीत, कारण त्याच्या वर्धनशील ऊतकातील कोशिकांचे विभाजन थांबते. सूक्ष्मजंतूंच्या बीजाणूंवर एवढ्या माऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. त्यांची संख्या दहाव्या हिश्श्यावर आणण्यास साधारणतः दोन ते तीन हजार ग्रे लागतात. तुर्भे येथील ‘आयसोमेड’ संयंत्रात (१९७४) वैद्यकीय साहित्य पूर्ण निर्जंतुक करण्यासाठी २५,००० ग्रे एवढी मात्रा प्रमाण मानली गेली, ती याच बीजाणूंमुळे.

गाळातही युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे किरणोत्सर्गी समस्थानिक अल्प प्रमाणात असतात. स्थूल मानाने वर्षाला एक मिलिग्रे (ग्रेचा हजारावा भाग) एवढे प्रारण तेथे धरले, तर कांद्याला काही वेळात मिळणारी मात्रा पुरलेल्या बीजाणूला ६० ते ९० हजार वर्षांत मिळते. तळाखाली उष्णता दर किलोमीटरला ३०° से. या प्रमाणात वाढते असे मानल्यास, ५०° से.चा थर गाठण्यास बीजाणू सु. १,५०० मी. खोल पुरला गेला पाहिजे. नदीमुखासमोर हजार वर्षांत ३० सेंमी. गाळ पडत असेल, तर यास ५० लक्ष वर्षे लागतील, तेवढ्या काळात ५,००० ग्रे प्रारण शोषले जाईल व शंभरांतील एखादाच बीजाणू शिल्लक राहील. मूळ संख्या प्रचंड असल्याने तेवढेही पुरे आहेत. पण खुल्या महासागरात, जेथे हजार वर्षांत जेमतेम १ सेंमी. गाळ पडतो, तेथे याच हिशेबाने १५ कोटी वर्षे लागतात व एकही बीजाणू उरण्याची शक्यता राहत नाही. ही आकडेमोड ढोबळ असली, तरी हे चक्र जलद गाळ साचणाऱ्या खंडकिनाऱ्यांपुरतेच का असावे, हे तिच्यावरून समजते. या संदर्भात दक्षिण पॅसिफिकमधील १० कोटी वर्षांपूर्वीच्या गाळातून जिवंत झालेल्या सूक्ष्मजंतूंचा (२०२०) उल्लेख नेहमी केला जातो. तथापि ते बहुतांशी बीजाणुरूपात नव्हते. त्या गाळात ऑक्सिजन शेवटपर्यंत शिल्लक असतो आणि अत्यल्प ऊर्जेवर ते आपल्या डीएनएची डागडुजी करीत राहिले असावेत. सुप्त बीजाणूला ही सोय नसते.

चक्राला वरच्याप्रमाणे खालचीही मर्यादा आहे. ज्या तेलसाठ्यांचे तापमान भूतकाळात ८० ते ९०° से.च्या वर गेले, त्यांतील तेल पुढे थंड होऊनही सूक्ष्मजंतूंनी खराब केलेले नसते. दूध तापवून टिकवावे तसे हे साठे निसर्गतःच निर्जंतुक झाले, असे समजतात. अतितप्त थरांतून येणारे द्रव म्हणून सूक्ष्मजीवांनी समृद्ध नसतात; वाटेतील मध्यम उष्ण थरांतून ते त्यांना गोळा करतात.

पंक-ज्वालामुखी : खोलवरील पाण्याने भरलेला, दाबाखालील चिखल वायूसह वर उसळून शंक्वाकार टेकडी तयार होते, तीस पंक-ज्वालामुखी म्हणतात. अंदमानातील बाराटांग बेटावर जमिनीवरील पंक-ज्वालामुखी पाहावयास मिळतात. अरबी समुद्राच्या उत्तरेस मकरान किनाऱ्यावर व त्यासमोरील समुद्रातही ते आहेत. सप्टेंबर २०१३ मधील बलुचिस्तानातील भूकंपानंतर ग्वादरसमोर समुद्रातून चिखलाचे एक बेट वर आले व काही वर्षांत लाटांनी ते धुऊन नेले. असाच प्रकार १९४५ च्या भूकंपानंतरही घडला होता. असे बेट धुपून जाते तेव्हा खोलवरील गाळ त्यातील सूक्ष्मजीवांसह समुद्रात मिसळतो.

याचा प्रत्यक्ष पुरावा जपानच्या तानेगाशिमा बेटासमोरील पंक-ज्वालामुखींपासून मिळाला. ॲट्रिबॅक्टीरिया हा सूक्ष्मजंतूंचा गट ऑक्सिजनरहित खोल गाळात विपुल असतो, परंतु सामान्य सागरजलात तो नसल्यासारखाच असतो. होशिनो व त्यांच्या सहकाऱ्यांना २०१७ मध्ये तेथील चिखलात या गटाचे आधिक्य आढळले व ज्वालामुखीच्या वरील पाण्यातही त्याच्या जनुकांचे क्रम मिळाले. पाण्यात जनुके सापडणे म्हणजे तो जीव तेथे जिवंत राहणे व वाढणे नव्हे, हा भेद अशा वेळी विसरता कामा नये. ऑक्सिजनयुक्त पाणी या जीवांना बहुधा विषासमान असते. दूरच्या प्रवासात टिकण्याची अधिक शक्यता बीजाणू निर्माण करणाऱ्या गटांचीच आहे.

कवचातील पाणी : सागरी कवचाचा बेसाल्ट भेगाळलेला असतो व समुद्राचे पाणी त्यात शिरून तापून पुन्हा बाहेर पडते. महासागरांच्या सर्व पाण्याएवढे पाणी या मार्गाने काही लक्ष वर्षांत एकदा फिरून येते. मध्य-महासागरी कटकांवर हा परतीचा प्रवाह उष्णजलीय झऱ्यांच्या रूपाने वेगाने होतो. अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग कटकावर २००३ मध्ये अशा झऱ्यांच्या पाण्याचा असामान्य मोठा, सु. ७० किमी. लांबीचा लोट आढळला होता. शिलारसाच्या उद्रेकानंतर काही झऱ्यांतून सूक्ष्मजीवजन्य पांढऱ्या तंतूंचे पुंजके हिमवर्षावासारखे बाहेर पडतात, ते कवचातील पोकळ्यांत वाढलेल्या वसाहतींचे तुकडे होत. कटकांपासून दूर, कोमट व संथ झऱ्यांवाटे बाहेर पडणारे पाणी एकूण प्रमाणाने याहून पुष्कळ अधिक आहे, पण ते शोधणे कठीण असल्याने त्यातील जीवांविषयीची माहिती त्रोटक आहे.

भूस्खलने : खंडान्त उतारावरील गाळाचे कडे ढासळले म्हणजे शेकडो मीटर जाडीचे थर एकदम उघडे पडतात. लक्ष्मी खोऱ्यात, भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सु. ४७५ किमी. अंतरावर २०१५ मध्ये धनंजय पांडे व पीटर क्लिफ्ट यांच्या नेतृत्वाखाली दोन जागी प्रत्येकी १,१०० मी.हून खोल वेधन करण्यात आले. सु. एक कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम उतारावरून घसरलेल्या ‘नटराज’ या प्रचंड भूस्खलनाचे निक्षेप त्यात मिळाले. त्याचे आकारमान सु. १९,००० घ. किमी. असावे. अशा एका घटनेने विखुरलेल्या सूक्ष्मजीवांची संख्या झिरप्यांतून कित्येक सहस्रके येणाऱ्या संख्येशी स्पर्धा करू शकेल. परंतु अशा घटना विरळाच घडतात.

मानवी हस्तक्षेप : मुंबईपासून सु. १६० किमी.वरील ‘बॉम्बे हाय’ येथे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने खनिज तेल शोधले, तेव्हापासून महाराष्ट्रासमोरील तळातून खोलवरचे द्रव सतत वर आणले जात आहेत. तेलाबरोबर निघणारे पाणी शुद्धीकरणानंतर समुद्रात सोडणे ही सागरी तेलक्षेत्रांतील सर्वत्रची पद्धत आहे. त्याबरोबर साठ्यातील सूक्ष्मजीवही येतात. उलट दिशेचा प्रवास व्यवहारात अधिक त्रासदायक ठरतो. साठ्यातील दाब टिकविण्यासाठी समुद्राचे पाणी खाली घातले की, त्यातील सल्फेटावर सल्फेट-क्षपणक सूक्ष्मजंतू पोसले जातात. त्यांनी निर्माण केलेल्या हायड्रोजन सल्फाइडामुळे तेलाची प्रत घसरते, पोलादी नळ गंजतात व कामगारांच्या जीवितास धोका पोहोचतो. थंड समुद्रतळावर वाट पाहत असलेले उष्णताप्रिय बीजाणू हेच या उपद्रवाचे एक उगमस्थान असावे, असे मानले जाते. हेच बीजाणू विपुल असलेल्या जागांचा नकाशा काढून तळाखालील तेल-वायूचा माग काढण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

खोल गाळातील ‘प्राचीन जंतू’ वर येऊन मानवात रोगराई पसरवितील, अशी भीती वृत्तपत्रांतून अधूनमधून व्यक्त होते. तीस आधार नाही. ऑक्सिजनाचा वारा न सोसणारे आणि शतकानुशतके एकदा विभागणारे हे जीव उष्णरक्ताच्या प्राण्यांच्या शरीराशी कधी संबंधच न आलेले आहेत. चिंतेचा विषय निराळा आहे. मिथेन हा कार्बन डाय-ऑक्साइडापेक्षा कितीतरी अधिक उष्णता अडविणारा वायू असून त्याला गाळातच अडवून धरण्याचे काम हेच सूक्ष्मजीव करतात. तळाजवळचे पाणी उबदार झाल्यास उथळ खोलीवरील हायड्रेट अस्थिर होऊन झिरपे वाढू शकतील. खोल पाण्यातील बुडबुडे पृष्ठभागी पोहोचण्यापूर्वीच विरघळत असल्याने कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील मिथेनाचा वातावरणावर थेट परिणाम होण्याचा संभव कमी आहे, परंतु विरघळलेल्या मिथेनाच्या ऑक्सिडीकरणात पाण्यातील ऑक्सिजन खर्च होतो. बंगालच्या उपसागरात मधल्या खोलीवर तो आधीच अत्यंत कमी आहे. त्या खोऱ्यात २०१५ मध्ये दुसरी हायड्रेट मोहीम होऊन वाळूच्या थरांतील साठ्यांचाही शोध लागला. त्यांतून वायू काढावयाचा झाल्यास थरांतील दाब कमी करावा लागतो व हायड्रेट वितळून पाणी, वायू आणि सूक्ष्मजीव हे तिन्ही मोकळे होतात. अशा उत्पादनापूर्वी तेथील झिरप्यांची, त्यांवरील पाण्यातील सूक्ष्मजीवांची व ऑक्सिजनाची निदान काही वर्षांची सलग नोंद घेऊन ठेवणे इष्ट आहे, कारण उत्पादन सुरू झाल्यावर मूळची स्थिती कशी होती हे ठरविण्यास दुसरे साधन राहत नाही.